टॉवेलाखालची बोटं

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मला बेचाळिसावं लागलं होतं. त्या साली आमच्या भवानी पेठेतल्या लायब्ररीत एक माणूस यायला लागला. त्याला कुणी विचारलं, "पावणं, हे पुस्तक कसं हाय?" तर तो तोंड उघडायचा नाही. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, आपल्या हातावर टाकायचा आणि म्हणायचा, "हात आणा."

तुम्ही जनावरांचा बाजार पाहिला असेल तर पुढचं सांगायला नको. नसेल पाहिला तर सांगतो. बाजारात बैलाचा भाव कुणी ओरडून सांगत नाही. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, सोडतात. शेजारी उभं राहणाऱ्याला नुसता टॉवेल हललेला दिसतो. हा माणूस जनावरांचा दलालच होता, केम गावाकडचा. दर मंगळवारी रेल्वेनं सोलापूरला यायचा, दिवसभर बाजारात फिरायचा, आणि संध्याकाळच्या गाडीआधी आमच्यात येऊन बसायचा, जाताना एक पुस्तक न्यायचा. पुस्तकाचा भावसुद्धा तो तसाच सांगायचा. एक बोट म्हणजे हात लावू नका. पाच बोटं म्हणजे डोळे झाकून न्या.

त्याला नाव होतं, पण ते मी लिहिणार नाही. सगळे त्याला पावणं म्हणायचे. मी काहीच म्हणायचो नाही.

आता तो यायच्या आधीचं सांगतो, म्हणजे माझं दुखणं तुम्हाला कळेल. मी गिरणीत यंत्रांना तेल घालायचो. शाळा म्हणाल तर चौथी, तीही रडतखडत. पण वाचायचं वेड लागलं ते शास्त्राच्या कादंबऱ्यांचं. चंद्र, मंगळ, यंत्राची माणसं, उडत्या तबकड्या. देवाधर्माचं नको, राजाराणीचं नको. आमचे लायब्ररीवाले अप्पा तसली नवी कादंबरी आली की कागदात गुंडाळून माझ्यासाठी ठेवायचे. पहिला हात माझा. मी वाचायचो आणि मंगळवारी काउंटरला टेकून सगळ्यांना सांगायचो. कोणती घ्या, कोणती घेऊ नका, कोणत्या लेखकानं कुठं माती खाल्ली. माझा शब्द शेवटचा असायचा. गिरणीत मला कुणी विचारत नव्हतं, घरात बायको विचारत नव्हती. पण त्या काउंटरवर, सांगतो तुम्हाला, माझं वजन होतं.

माझं माप एकच. यंत्र चाललं पाहिजे. लेखकानं पंप लिहिला तर तो पंप मी मनात सुरू करून बघायचो. हवा कुठून घेतो, कुठं सोडतो, तेल कुठं लागतं. पंप अडकला की कादंबरी गेली. मग भाषा कितीही गोड असो.

ऐकणारे तिघं पक्के. एक कचेरीतले भाऊसाहेब. मी 'शास्त्राची कादंबरी' म्हटलं की ते म्हणायचे, "वैज्ञानिक म्हणा हो अण्णा." दुसऱ्या सिस्टरबाई, दवाखान्यातल्या. त्या येता येताच दारातून सांगायच्या, "अण्णा, मरणारं माणूस असलं तर मला नको हं, दिवसभर तेच बघून आलेय." आणि तिसरा नरसय्या, मागच्या गल्लीतला विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि वाचायला लागला की माग बंद पडला तरी त्याला कळायचं नाही. अप्पा काउंटरमागं बसून ऐकायचे आणि आवाज फार वाढला की कानडीत "साकु, साकु" म्हणायचे. म्हणजे पुरे करा.

असं आमचं चाललं होतं, आणि हा आला.

पहिल्या मंगळवारी तो बाकावर गप्प बसला. शुक्रावर गाव वसवतात त्या कादंबरीबद्दल मी बोलत होतो. दोन भागांची. माणसं शुक्रावर जातात, बरोबर बियाणं नेतात, गाई नेतात. विमानाचं इंजिन लेखकानं चांगलं लिहिलं होतं, मी तारीफ करत होतो. हा मागून म्हणाला, "गाई काय खात्यात?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"न्हाय, गाई नेल्या म्हणता. बी पेरून उगवंस्तवर गाई काय खात्यात? वैरण नेली का संगं?"

सिस्टरबाई हसल्या. भाऊसाहेब म्हणाले, "अरे, हा मुद्दा आहे!" मी पुस्तक चाळलं. वैरण कुठंच नव्हती. सहाशे पानं झाली, गाई उपाशीच. माझ्या लक्षात आलं नव्हतं हे खरं, पण मी म्हणालो, "ते शुक्र आहे, केम नव्हे." कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून सगळ्यांना त्याचं मत पाहिजे झालं. म्हणायचे, अण्णा यंत्र बघतात, पावणं जीव बघतात. आणि हा शहाणा, मत मागितलं की तोंडानं द्यायचा नाही. "हात आणा." भाऊसाहेबांसारखा कारकून माणूस, पांढरा शर्ट घातलेला, पोरासारखा टॉवेलाखाली हात घालायचा आणि भाव कळला की डोळे मिचकवायचा. जणू काही मोठं गुपित. सिस्टरबाईंचा हात कसा धरणार? तर त्यांच्यासाठी यानं चिंचोके ठेवले होते खिशात. टॉवेलाखाली काउंटरवर चिंचोके मांडायचा, बाई टॉवेल उचलून बघायच्या. एक चिंचोका, तीन चिंचोके. लहान मुलींसारखं खिदळायच्या. मी पानापानाचं सांगायचो तेव्हा घड्याळ बघायच्या, ते मला दिसत नव्हतं का?

नव्या पुस्तकाचं त्याला लगेच विचारलं तर म्हणायचा, "आजून बाजारात उभं ऱ्हायलं न्हाय." मग मी पुस्तकाबद्दल बोलायचो. हातवारे करून, यंत्र काढून दाखवून. घसा सुकायचा. हा बाकावर डोळे अर्धे मिटून ऐकायचा. माझं संपलं की सगळी तोंडं माझ्याकडून त्याच्याकडं वळायची. "पावणं, हात?" स्वयंपाक मी करायचा आणि पंगतीत वाढायचं यानं.

मला त्यानं कधी हात मागितला नाही. मीही पुढं केला नाही. केला असता तर तोंडावर सांगणार होतो, मला दोन डोळे आहेत म्हणून. पण त्यानं मागितलाच नाही, आणि ते मला जास्त लागायचं.

मग ती चंद्रावरच्या खाणीची कादंबरी आली. मी जन्मात वाचलेली सगळ्यात चांगली. चंद्राच्या पोटात खाण आहे, खाली मजूर आहेत आणि वर हवा सोडणारा एक मोठा पंप. मालक पंप हळू करतो, मजुरांना हवा मोजून देतो. शेवटी पंप बंद पडतो आणि माणसं अंधारात एकमेकांचा श्वास ऐकत बसतात. तो पंप, काय सांगू! मी पंधरा वर्षं यंत्रात हात घालणारा माणूस, मला एक चूक सापडली नाही. त्या मंगळवारी मी असा बोललो की अप्पांनी साकु म्हटलं नाही. रस्त्यावरची दोन माणसं आत येऊन उभी राहिली.

बोलून झालं. घाम पुसला. आणि झालं, टॉवेल निघाला.

पुढच्या मंगळवारी मी एक काम केलं. तो यायच्या आधी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, "त्यानं चंद्राला किती दिली?" भाऊसाहेब म्हणाले, "पाच. पूर्ण पंजा." सिस्टरबाई म्हणाल्या, "दोन चिंचोके." नरसय्या आधी सांगेना. मग म्हणाला, "एकच बोट दिलं, अण्णा."

माझ्या अंगाचा भडका उडाला. तो दारात दिसला तसा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा माणूस लबाड आहे! पुस्तक एक, आणि भाव तीन? एकाला पाच, एकीला दोन, एकाला एक? असला दलाल बाजारात असता तर लोकांनी जोड्यानं मारला असता!"

तो उंबऱ्यातच थांबला. चप्पल काढली. बाकावर बसला. मग म्हणाला, "जनावर एकच असतंय अण्णा. गिऱ्हाईक येगळं असतंय की."

"म्हणजे काय?"

"नांगराला चालणारा बैल टांग्याला दिला तर बैल वाईट का?"

"चांगलं पुस्तक सगळ्यांना चांगलं!" मी म्हणालो. "चांदी म्हणजे चांदी. तुझ्या घरी एक भाव आणि माझ्या घरी एक असं असतं का?"

"चांदी खात न्हाईत, अण्णा," तो म्हणाला आणि विडी काढली.

अप्पा म्हणाले, "अय्यो, अण्णा, ओरडू नका हो. गिऱ्हाइकं पळतील." मी कुणाचं ऐकतो? मी काउंटरवरून चंद्राची कादंबरी उचलली आणि नरसय्याच्या हातात दिली. "तू ने. मी सांगतो, ने. नाही आवडली तर माझं नाव बदल." नरसय्यानं एकदा बाकाकडं बघितलं. दलालानं खाली बघितलं. नरसय्या पुस्तक घेऊन गेला. त्या दिवशी मी जिंकलो होतो.

नरसय्याचा धाकटा भाऊ तेव्हा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला लागलेला होता. एका खोलीत माग, त्याच खोलीत त्याची खाट. गल्लीतून जाताना त्याचा श्वास ऐकू यायचा. हे सगळ्या पेठेला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण चंद्रावरच्या पंपाचा आणि भवानी पेठेतल्या खाटेचा काय संबंध?

नरसय्यानं पुस्तक शनिवारीच परत आणलं. शेवटची पानं वाचलेली नव्हती, खुणेचा दोरा मध्येच होता. काउंटरवर ठेवलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेला. पुढच्या मंगळवारी आला तो सरळ बाकाकडं. "पावणं, हात?" त्यानंतर तीन वर्षं नरसय्यानं माझ्या शब्दावर एक पुस्तक नेलं नाही. नमस्कार करायचा, चहा पाजायचा, भाऊ गेला तेव्हा मी खांदा दिला, सगळं होतं. पण पुस्तक बाकावरून.

ती कादंबरी चांगलीच होती. आजही म्हणतो. तिच्यासारखा पंप पुन्हा कुणी लिहिला नाही.

या तीन वर्षांत मी त्याच्यावर किती जळलो ते सांगायला लागलो तर रात्र पुरणार नाही. त्याच्या चपलेवर जळलो, ती चप्पलसुद्धा दारात अशी रुबाबात पडायची. गाडी चुकली की भाऊसाहेब त्याला घरी जेवायला न्यायचे, मला पंधरा वर्षांत कधी नेलं नव्हतं. एकदा पावसानं गाडी बंद होती आणि मंगळवारी तो आला नाही. मला वाटलं आज काउंटर आपलं. मी बोललो, जीव तोडून बोललो. संपल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "छान. आता पुढच्या मंगळवारी पावणे काय म्हणतात बघू." मी घरी जाऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "कुणी मेलं का?" मी म्हणालो, "कुणी मरत नाही, तेच दुखणं आहे."

पण एक सांगतो, खोटं कशाला बोलू. मंगळवारी चार वाजले की माझे कान रस्त्याकडं असायचे. तो बसलेला असला की मी जास्त चांगला बोलायचो. तो नसला की माझं यंत्र जरा अडायचं.

सत्त्याहत्तर साली एका मंगळवारी तो आला आणि बाकावर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "अण्णा, च्या घ्यायला चला."

मला! मी इकडंतिकडं बघितलं. सगळे बघत होते, म्हणून गेलो. शेजारच्या हॉटेलात बसलो. दोन कप आले. तो म्हणाला, "हा श्येवटचा मंगळवार. धंदा सोडला."

"का?"

"जनावराचा दात दिसंना झालाय. दात बघितल्याबिगर वय कसं सांगायचं? काल एका बैलाला चौसा म्हणलो, चार दातांचा जवान, तो निघाला म्हातारा. माझ्या वयाचा." तो हसला. मी हसलो नाही. मनात म्हणालो, चला, गेलं एकदाचं.

मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि टेबलावर आपल्या हातावर टाकला. "हात आणा."

"मला नको तुझं मत," मी म्हणालो.

"द्यायचं न्हाय. घ्यायचंय. ते चंद्रावरलं पुस्तक. मला किती द्याल?"

मला काही कळेना. "तीन वर्षांपूर्वीचं पुस्तक. तू वाचलंस की!"

"न्हाय वाचलं."

"मग नरसय्याला एक बोट कशाचं दिलंस? भाऊसाहेबांना पंजा कशाचा दिलास?"

"तुमी बोलला त्याचं." चहा फुंकत, अगदी सरळ सांगत होता. "मला वाचाय येतंय, पर अक्षर लावत लावत. एक पुस्तक मला पोळ्यापासनं संक्रांतीपत्तूर पुरतंय. तुमी बोलायचा, मी ऐकायचो. पुस्तक सगळं समोर उभं ऱ्हायचं. मग हेला झेपंल का तेला, एवढंच मी बघायचो. दलालाला जनावर नसतंय अण्णा. मालक तुमी."

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करायचं? तीन वर्षं माझ्याच मालावर या माणसानं दुकान चालवलं होतं. माझंच बोलणं, माझाच घसा, आणि वाहवा याची! मी म्हणालो, "मग दर मंगळवारी पुस्तक कशाला न्यायचास?"

"तुमच्यात बसायचं म्हंजे हातात पुस्तक पायजेल की."

"आणि मला कधी हात का मागितला नाहीस?"

"मालकाला त्येच्याच जनावराचा भाव कोन सांगतंय?"

मी उरलेला चहा संपवला. मग म्हणालो, "मी सगळ्यांना सांगणार. उद्याच सांगणार. तू एक पुस्तक वाचलं नाहीस म्हणून."

"सांगा की," तो म्हणाला. "पर हात द्या आदी. गाडीचा टाइम झाला."

टॉवेल तसाच होता. हॉटेलवाला बघत होता. मी हात आत घातला. त्याचा हात खडबडीत होता आणि थंड. मी बोटं मोजून दाबली नाहीत, असलं मला येत नाही. मी मोठ्यानंच म्हणालो, "पाच."

"व्हय?"

"पाच म्हणजे पाच."

तो उठला, लायब्ररीत आला, अप्पांकडून चंद्राची कादंबरी घेतली, पिशवीत घातली आणि सगळ्यांना रामराम करून गेला. आता येणार नाही हे त्यानं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी बाक रिकामा राहिला तेव्हा सगळ्यांनी मला विचारलं, मी एवढंच म्हणालो, धंदा सोडला त्यानं. त्यानंतर तो कधी आला नाही. केमकडचं कुणी भेटलं तर मी विचारत नसे, पण ते बोलत असले की तिथून हलतही नसे. एकदा एकानं सांगितलं की म्हातारा गेला, अंगणात बसल्या बसल्या गेला. ते पुस्तक केमलाच राहिलं. अप्पांनी कधी मागितलं नाही, आणि मीही त्यांना मागू दिलं नाही. एवढी अक्षरं लावून तो कुठवर पोचला असेल, पंप बंद पडेपर्यंत गेला असेल का, हे मला अजून कळलेलं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या मंगळवारचं सांगत होतो.

तो गेल्यावर अप्पांनी माझ्यापुढं कागदात गुंडाळलेलं नवं पुस्तक सरकवलं. बारीकच होतं, घरी नेऊन एका बैठकीत संपवलं. एक यंत्र असतं, मेलेल्या माणसाचा आवाज साठवणारं. एक माणूस मेलेल्या भावाशी रोज त्या यंत्रातून बोलतो. भाऊ उत्तरं देतो, हसतो, घरचं विचारतो. शेवटी यंत्र झिजतं आणि आवाज एकेक शब्द विसरत जातो. तारा, चकत्या, फिरणारी चाकं, सगळं बरोबर. चंद्राच्या पंपानंतर इतकं चोख यंत्र मी पाहिलं नव्हतं. मी ठरवलं, आता बाकावर कुणी नाही. आता सांगतो सगळ्यांना, पुस्तकाचंही आणि त्याचंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत निघालो तर गल्लीच्या तोंडाशी नरसय्या उभा, दात घासत. माझ्या काखेत पुस्तक दिसलं तसा चूळ भरून आला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"अण्णा, नवं का? कसं हाय?"

मी तोंड उघडलं. यंत्र कसं सुरू होतं तिथून सांगायला लागणार होतो. तेवढ्यात त्याच्या खोलीचं दार उघडं दिसलं. माग दिसला, आणि मागाशेजारची मोकळी जागा, जिथं खाट असायची.

"नको," मी म्हणालो.

"का? मशीन चुकलंय?"

"मशीन बरोबर आहे."

"मग?"

"नको म्हणलं ना. दुसरं देतो."

नरसय्या माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पावण्यानं सांगितलं व्हय, मला देऊ नका म्हणून?"

"नाही," मी म्हणालो. "माझं मी सांगतोय." आणि कामावर गेलो.